ल्यूपस : एका जनुकातील दोषाचा मागोवा

रक्षणासाठी नेमलेला पहारेकरी घरच्याच माणसांवर काठी उगारू लागावा, तशी ‘ल्यूपस’ या विकारात शरीराची अवस्था होते. रोगजंतूंशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार होत असतात. या विकारात ती शरीराच्याच पेशींच्या केंद्रकातील द्रव्यांविरुद्ध तयार होतात आणि त्वचा, सांधे, रक्तपेशी व मूत्रपिंडे यांना इजा पोहोचवितात. गालांवर व नाकावर फुलपाखराच्या पंखांसारखा लाल चट्टा, उन्हाने वाढणारे पुरळ, रेंगाळणारा ताप, सांधेदुखी, तोंडातील व्रण ही त्याची परिचित लक्षणे होत. परंतु ती सर्व एकाच वेळी क्वचितच दिसतात. त्यामुळे पुष्कळदा निदानास विलंब होतो आणि तोवर मूत्रपिंडांची हानी होऊन बसते. दर १० रुग्णांमागे सुमारे ९ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेक ऐन तारुण्यातील असतात.

हा विकार स्त्रियांनाच इतक्या मोठ्या प्रमाणावर का व्हावा, या प्रश्नावर स्पेनमध्ये जन्मलेल्या संशोधिका डॉ. कॅरोला विन्वेसा यांच्या कार्याने महत्त्वाचा प्रकाश पडला आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे काम करीत असताना २००५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्यूपससारखा विकार झालेल्या उंदरांमध्ये एका जनुकातील दोष शोधून काढला व त्या जनुकास ‘रोक्विन’ हे नाव दिले. तथापि उंदरातील दोष म्हणजे माणसातील कारण नव्हे.

माणसातील पुरावा २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्पेनमधील एका मुलीला वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी तीव्र स्वरूपाचा ल्यूपस झाला होता. तिच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचे वाचन केले असता ‘टीएलआर-७’ या जनुकात एकाच अक्षराचा बदल आढळला. हा बदल आईवडिलांकडून आलेला नव्हता. तो तिच्यातच नव्याने घडला होता. विषाणूंचे आरएनए पेशीत शिरले की त्याची वर्दी देणे हे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे काम. बदललेले प्रथिन मात्र वाजवीपेक्षा फाजील दक्ष झाले. ग्वानोसीन या घटकाला ते अधिक सहज चिकटे व विषाणू नसतानाही धोक्याची सूचना देई.

एवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. तोच बदल त्यांनी उंदरांच्या जनुकात घडवून आणला, आणि त्या उंदरांनाही ल्यूपससारखा विकार झाला. संशोधनाचे खरे बळ या पडताळ्यात आहे. एक अनपेक्षित गोष्टही त्यात दिसली. लसिका ग्रंथींतील ज्या जननकेंद्रांत उत्तम प्रतिपिंडे घडतात, त्यांच्या अभ्यासात डॉ. विन्वेसा यांची कितीतरी वर्षे गेली होती. या उंदरांतील घातक पेशी मात्र त्या केंद्रांच्या बाहेरच तयार होत होत्या.

टीएलआर-७ हे जनुक क्ष गुणसूत्रावर असते. स्त्रियांत ही गुणसूत्रे दोन असतात व त्यांपैकी एक सामान्यतः निष्क्रिय केले जाते. परंतु हे जनुक काही पेशींत त्या निष्क्रियतेतून निसटते आणि त्याची मात्रा वाढते. दोन क्ष व एक य गुणसूत्र घेऊन जन्मलेल्या पुरुषांतही हा विकार इतर पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. उंदरांच्या एका वाणात टीएलआर-७ ची एक प्रत य गुणसूत्रावर गेलेली आहे. तेथे नरांनाच विकार अधिक तीव्र होतो, हे २००६ साली दिसून आले होते.

एकाच जनुकाच्या दोषाने ल्यूपस होणारे रुग्ण फार थोडे. बहुसंख्य रुग्णांत अनेक जनुकांचा अल्प अल्प वाटा, तसेच ऊन, विषाणुसंसर्ग अशी बाह्य कारणे एकत्र येतात. म्हणून या शोधाचे महत्त्व उपचारांच्या दिशेत आहे. हिवतापावरील मेपाक्रीन हे औषध ल्यूपसच्या रुग्णांना उपयोगी पडते, असे १९५१ साली लंडनच्या एका डॉक्टरांनी नोंदविले होते. त्याच वर्गातील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आज या रुग्णांचे मुख्य औषध आहे. पेशीतील ज्या कप्प्यांत टीएलआर-७ काम करते, तेथेच ते या प्रथिनाच्या कार्यात अडथळा आणते. मात्र ते इतरही अनेक क्रियांवर परिणाम करते, आणि दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटलास इजा होण्याचा संभव असल्याने रुग्णांचे डोळे वेळोवेळी तपासावे लागतात. केवळ टीएलआर-७ लाच आवर घालू शकेल अशा औषधांच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.