सोनं नाही, की सापडलं नाही?

मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न यंत्राचा विचारतो. कोणतं घेऊ, केवढ्याचं घेऊ? आमच्या मते तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न जमिनीचा. जिथे सोनं नाहीच, तिथे लाखांचं यंत्रसुद्धा खिळेच काढून देणार.

उदाहरणादाखल आपण ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य घेऊ. मुलगा मेलबर्नला असतो, म्हणून तिकडच्या रानात आम्ही दोघांनी थोडी पायपीट केली आहे. पण उदाहरण घेण्याचं कारण वेगळं आहे. बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली हा सगळा पट्टा 1851 पासून लोकांनी उकरला. 1869 च्या फेब्रुवारीत मोलियागुल इथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम 3 सेंटीमीटरवर, 70 किलोहून जड सोन्याचा गोटा मिळाला. काट्यावर मावेना, तेव्हा ऐरणीवर फोडून तोलावा लागला. आता पुढचं ऐका. 1980 साली, त्याच पट्ट्यातल्या किंगाउअरजवळ, डिटेक्टरने 27 किलोचा गोटा सापडला. तोही फार खोल नव्हता. मधल्या शंभरावर वर्षांत त्याच्यावरून किती माणसं चालत गेली असतील! ‘इथलं सगळं काढून झालंय’ असं त्यांतल्या प्रत्येकाला वाटलं असणार.

हे सोनं येतं कुठून? जुन्या, घड्या पडलेल्या खडकांत क्वार्ट्झच्या, म्हणजे आपल्या गारगोटीच्या शिरा असतात. त्यांत सोनं असतं. लाखो वर्षांत डोंगर झिजतो, शीर फुटते आणि तुकडे उतारावर येतात. सोनं गारगोटीच्या सातपट जड, त्यामुळे ते लांब जात नाही. खाली खाली बसत जातं आणि कठीण खडकाच्या भेगांत अडकतं. तुकडा काटेरी, कोनदार असेल तर शीर जवळच आहे असं समजावं. गुळगुळीत असेल तर तो पाण्याबरोबर घरंगळत आलेला आहे.

मग गारगोटी दिसली की सोनं, असं म्हणायचं का? न्यायशास्त्र शिकवताना आम्ही ‘धूर तिथे अग्नी’ हे नेहमीचं उदाहरण देत आलो. पण ‘अग्नी तिथे धूर’ हे मात्र चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. गारगोटीचंही असंच आहे. बहुतेक गारगोटी वांझ असते. सोन्याबरोबर आणखी काही जुळून यावं लागतं, आणि ते जुळलं होतं याची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे पूर्वी तिथे कोणीतरी सोनं काढलेलं असणं. म्हणून जुने खड्डे शोधायचे. सरकारी भूशास्त्रीय नकाशे बघायचे. ते आता घरबसल्या मिळतात.

खड्डे वाचताही आले पाहिजेत. खड्ड्याशेजारचा मातीचा ढीग लहान असेल तर खडक उथळ होता. ढिगाच्या माथ्यावर जे दिसतं ते खड्ड्याच्या तळाचं, कारण ते सगळ्यात शेवटी बाहेर आलं. माथ्यावर खडकाचे तुकडे असतील तर खोदणारा तळापर्यंत पोचला होता. कुठे कुठे गोल चर दिसतो, आपल्या किल्ल्यांवर चुन्याची घाणी असते ना, अगदी तसा. त्यात घोडा फिरवून चिकणमाती पाण्यात कालवत. न फुटलेल्या ढेकळात सोनं तसंच राहून जाई, त्यामुळे बाहेर टाकलेला गाळही तपासण्यासारखा असतो.

उथळपणा महत्त्वाचा, कारण यंत्राची नजर आखूड. बॅलरॅटच्या बाजूला जुन्या नद्यांचं सोनं लाव्ह्याच्या थराखाली खोल गाडलं गेलंय. सोनं भरपूर, पण डिटेक्टरवाल्याला त्याचा उपयोग शून्य. तांदळाच्या दाण्याएवढा कण काही सेंटीमीटरच्या आत असेल तरच यंत्र बोलतं. त्यात तिथल्या तांबड्या मातीत लोह फार. साधं यंत्र सारखं कुरकुरत राहतं आणि त्या कुरकुरीत खरा आवाज बुडून जातो. म्हणून तिकडे पल्स इंडक्शन जातीचं यंत्र वापरतात. ते विजेचा ठोका देतं, थांबतं आणि धातूतून उलट येणारा मंद प्रतिसाद ऐकतं.

पहिल्या दिवशी आम्ही भराभर चालत मोठा भाग उरकला. खिळे, छर्रे, डब्याचा पत्रा. संध्याकाळी हिच्याजवळ म्हटलं, या घळीत काही नाही. आणि म्हणताक्षणी आमची आम्हालाच लाज वाटली! चाळीस वर्षं वर्गात काय शिकवलं होतं? भाट्ट मीमांसक अभाव कळण्यासाठी ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानतात: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्याला अट आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आमची ती भरभर चाल, जमिनीपासून वीतभर उंच धरलेली कॉइल, मध्ये सुटलेले पट्टे, हा सगळा अंधारच होता.

दुसऱ्या दिवशी त्याच घळीतला वीस पावलांचा चौकोन आखला. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत, अगदी सावकाश. गवत आधी बाजूला केलं. दुपारी एका छर्र्याच्या शेजारी अगदी क्षीण आवाज आला. मसुराच्या डाळीएवढा तुकडा, कडा टोकदार. एक मिळाला की जागा सोडायची नाही, भोवतालच बघायचं; सोनं बहुधा पुंजक्याने असतं. आम्हाला दुसरा मिळाला नाही, पण त्या चौकोनाबद्दल ‘नाही’ म्हणण्याचा थोडा अधिकार आता आला होता.

परवान्याचं सांगायचं राहिलं. व्हिक्टोरियात त्याला ‘मायनर्स राइट’ म्हणतात, तो दहा वर्षं चालतो. खाजगी जमिनीवर मालकाची संमती लागते, राष्ट्रीय उद्यानांत साधारणपणे मनाई असते, आदिवासींच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही, आणि केलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. ‘मग सर, आपल्या किल्ल्यांवर?’ असं आत्ता कुणीतरी विचारलंत. अजिबात नाही. संरक्षित स्मारकात विनापरवाना खणणं गुन्हा आहे, आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर 1878 च्या कायद्याने ते सरकारला कळवावं लागतं. शिवाय आपला सह्याद्री बेसॉल्टचा. वर सांगितलेल्या सोन्याच्या शिरांचा तो खडकच नव्हे.