कृपा आधी, कर्मे मागून

“तारणासाठी मी काय करावे?” हा फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचा प्रश्न बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील उपदेशकासही ऐकावा लागतो. जेथे भाविक गाणगापुरास भीमा-अमरजेच्या संगमी स्नान करून सेवा करतात, तेथे तो स्वाभाविकच होय. परंतु तारण ही श्रमाची मजुरी आहे, ही समजूत बाप्तिस्म्यानेही सुटतेच असे नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. आईवडिलांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा व उपासतापास केले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले. इतके सत्कार्य करूनही चित्तास शांती नव्हती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस उमगले की, आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्तावर विसंबलो नाही.

यानंतर त्यांचे कार्य थांबले काय? उलट वाढले. केडगावी मुक्ती सदन उभे राहिले आणि १९१२ च्या सुमारास त्यांची कन्या मनोरमाबाई हिच्या साहाय्याने गुलबर्ग्यासही ख्रिस्ती शाळा निघाली. मात्र आता कर्मे तारणाची किंमत नव्हती. ती त्याचे फळ होती. इफिसकरांस पत्र २:८-१० मधील क्रम हाच : कृपा, विश्वास, मग सत्कर्मे.

म्हणून उमेदवाराच्या हाती प्रथम नियमांची यादी देऊ नये. “मी काय करावे?” याआधी “ख्रिस्ताने काय केले?” हे त्यास सांगावे. नाहीतर जुने ओझे उतरवून आपण नवे चढवू.