जनुकं तीच, वागणं निराळं

कर्करोगाची पेशी सापडली की ती कापून काढायची, किरणांनी जाळायची किंवा औषधाने मारायची. तिला पुन्हा नीट वागायला लावता येईल, असं सहसा कुणाच्या मनातही येत नाही. पण १९९७ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅलरी वीव्हर, मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अँटिबॉडीच्या जोरावर हे घडवून दाखवलं.

मूळच्या इराणी असलेल्या बिसेल यांचं म्हणणं जुनंच होतं: पेशी कशी वागेल हे एकट्या जनुकांवर ठरत नाही, तिच्याभोवतीचं प्रथिनांचं जाळंही ते ठरवतं. कोंबड्यांमध्ये गाठी आणणारा राउस विषाणू त्यांच्या प्रयोगात अंड्यातल्या कोवळ्या गर्भाला टोचला, तेव्हा तो पेशींत शिरला, पण गाठ झाली नाही. त्याच पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या, तर त्या बिघडल्या.

पुढच्या प्रयोगासाठी एकाच स्त्रीच्या स्तनातून आलेल्या पेशींचे दोन वंश घेतले, एक निरोगी आणि एक कर्करोगी. सपाट बशीऐवजी त्यांना शरीरातल्यासारख्या प्रथिनांच्या मऊ जेलमध्ये वाढवलं. निरोगी पेशींनी द्राक्षाच्या मण्यासारखे सुबक गोळे केले आणि वाढ थांबवली. कर्करोगी पेशी मात्र वेड्यावाकड्या ढिगासारख्या वाढतच राहिल्या. त्यांच्या पृष्ठभागावर बीटा-१ इंटेग्रिन हे प्रथिन जास्त होतं. याच प्रथिनाच्या आधाराने पेशी भोवतालच्या जाळ्याला धरून असते आणि तिथले निरोप आत पोचवते.

हे इंटेग्रिन अडवणारी अँटिबॉडी जेलमध्ये घातली आणि ढिगांचे पुन्हा गोळे झाले! पेशी एकमेकींना नीट बिलगल्या, त्यांनी स्वतःभोवती पातळ आधारपटल विणलं आणि विभाजन थांबवलं. अशा पेशी उंदरांना टोचल्यावर गाठी कमी झाल्या, झालेल्याही लहान राहिल्या. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की जनुकांतला एकही बिघाड दुरुस्त झालेला नव्हता. अँटिबॉडी काढून पेशी सुट्या केल्या, की त्यांचं जुनं वागणं परत येई. म्हणजे जनुकांच्या बिघाडावर ऊतीची रचना मात करत होती.

याला उपचार म्हणण्याची घाई मात्र करू नये. निरोगी पेशींनाही जगायला हेच इंटेग्रिन लागतं. ते अडवलं तर प्रयोगशाळेत त्या मरतात. शिवाय स्तनातली खरी गाठ जेलमधल्या एका वंशाइतकी एकसारखी नसते.

तरीही कर्करोगी पेशीला वळणावर आणण्याचा विचार रुग्णांपर्यंत पोचलेला आहे, वेगळ्या वाटेने. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल अर्धवट राहिलेल्या पेशींना प्रौढ व्हायला लावतं. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८० च्या दशकात ते रुग्णांना दिलं. एकेकाळी झपाट्याने जीव घेणाऱ्या या आजारातून आज, त्याच्या जोडीला आर्सेनिक देऊन, बहुतेक रुग्ण बरे होतात.