परमुलखातील खरेदी

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आपल्याच गावात, आपल्याच माणसांत ज्याची दमछाक होते, त्याने परमुलखात जमीन घ्यावयाची म्हटले तर धोका किती वाढतो! भाषा निराळी, कायदा निराळा, आणि विकणाऱ्याच्या शब्दामागे किती बळ आहे हे कळावयास मार्ग नाही. या धोक्यांचे बोलके दाखले तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासात सापडतात. तेथे घेणारे युरोपीय व्यापारी होते आणि देणारे भोसले घराण्यातील राजे.

१७३८ साली तंजावरच्या गादीसाठी कलह माजला होता. राज्य गमावलेल्या सयाजीने पुदुच्चेरीच्या फ्रेंचांकडे साह्य मागितले व मोबदल्यात कारैकल बंदर देऊ केले. पण गादी परत मिळताच त्याचा विचार पालटला. अखेर १७३९ मध्ये चंदासाहेबाने ते ठाणे बळाने घेऊन फ्रेंचांच्या हाती दिले. अडचणीत दिलेला शब्द अडचण सरताच सैल होतो, हा यातील पहिला धडा.

दुसरा धडा नागूरचा. पैशाची निकड असलेल्या तुळजाजीराजाने नागूर व आसपासची गावे डचांना विकली. १७७३ मध्ये अर्काटचा नबाब व इंग्रज यांनी तंजावर घेतले. राजा आपला मांडलिक, त्याला मुलूख विकण्याचा अधिकारच नाही, अशी नबाबाची भूमिका होती. डचांना नागूर सोडावे लागले. विकणाऱ्याचा हक्क वादग्रस्त असला, तर घेणाऱ्याचा हक्क निर्वेध कसा असणार?

डेन्मार्कच्या लोकांनी मात्र १६२० मध्ये रघुनाथ नायकाशी करार करून तरंगमबाडी वार्षिक खंडाने घेतली आणि १८४५ मध्ये ती इंग्रजांना विकीपर्यंत राखली. तरीही नायकांच्या जागी मराठे आल्यावर त्यांना नव्या धन्याशी जुळवून घ्यावे लागले, आणि १६९९ च्या सुमारास तंजावरच्या फौजेचा वेढाही सोसावा लागला.

या खरेदीदारांपाशी तोफा होत्या. आजच्या परदेशी माणसापाशी केवळ कागद असतात. भारतात तर परदेशी राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीय नागरिकाला सामान्यतः स्थावर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घर घेता येते, पण शेतजमीन खरेदी करता येत नाही. ही अडचण टाळण्यासाठी स्थानिक मित्राच्या नावे खरेदी करणे हा सर्वांत घातक मार्ग. कागदोपत्री धनी तो मित्रच ठरतो, आणि बेनामी व्यवहार म्हणून मालमत्ता सरकारजमाही होऊ शकते.

नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, हाही एक भ्रम आहे. नोंदणीने दस्त झाल्याचे कळते. विकणारा खरोखर मालक होता की नाही, याची हमी मिळत नाही. कावेरीच्या खोऱ्यात पुष्कळ जमीन देवस्थानांची आहे, आणि ती धर्मादाय आयुक्ताच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. म्हणून तेथे महसुली पट्टा, बोजाचा दाखला आणि मागील खरेदीखते ही तिन्ही ताडून पाहावी लागतात.

नागूरला डचांचे जे चुकले, ते आजही चुकते. घेणारा जमीन निरखून पाहतो. देणाऱ्याचा हक्क मात्र पाहावयाचा राहून जातो.