विमानाचा हिशोब आणि आंब्याची पेटी

विमानकंपनीच्या वाहतुकीचा तक्ता हाती आला, की आपली दृष्टी प्रथम उतारूंच्या आकड्याकडे वळते. मालाचा रकाना कोणी वाचीत नाही. वस्तुतः टाटांच्या विमानाने १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस आणले ते टपालच. पहिल्या वर्षात उतारू अवघे १५५, टपाल मात्र सुमारे १० टन; आणि वर नफा!

आम्हां रत्नागिरीकरांस हा रकाना विशेष महत्त्वाचा. आगबोटींच्या काळी पावसाळा लागला की बंदर बंद होई, आणि हापूस तर त्याच्या तोंडाशीच पिकतो. तो कोणाची वाट पाहात नाही. २००७ साली लासलगावी किरणोत्सर्गी प्रक्रिया होऊन आंबा अमेरिकेस पोहोंचला, तो विमानानेच. तेव्हा रत्नागिरीच्या विमानाचा विचार करताना उतारूंआधी पेट्या मोजाव्यात.