फॉरमॅट मारण्याआधी

जून-जुलैत वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रावर जा, दारात चपलांचा ढीग दिसेल. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमिलेअर. त्यातच पीकविम्याची लगबग. नेमका अशा वेळी प्रिंटर अडतो. केंद्रचालक त्याची जोडणी तपासायला 'सेटिंग्ज' उघडतो. खिडकी क्षणभर दिसते आणि मिटते. पुन्हा उघडली तरी तेच. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो, "भाऊ, सेटिंग उघडते अन् लगेच बंद होते." पलीकडून फार वेळा एकच उत्तर येतं, "फॉरमॅट मारून टाका."

हे उत्तर मला पटत नाही. फॉरमॅटने संगणक सुरू होतो, हे खरं. पण त्यासोबत अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर, त्याची आरडी सेवा, मराठी टायपिंगची सोय आणि डेस्कटॉपवर ठेवलेले लोकांचे स्कॅन केलेले कागद जातात. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातल्या गावातून मजुरी पाडून आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणावं लागतं. शिवाय बिघाड कशाचा होता ते कळत नाही, म्हणून महिन्याभराने तो पुन्हा उभा राहू शकतो.

सेटिंग्जसारखं अवजार उघडताच का कोसळतं? इतर प्रोग्रॅम आपल्यापुरत्या फायली वाचतात. हे अवजार मात्र वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी, प्रिंटर, नेटवर्क, भाषा, पडदा अशा अनेक ठिकाणच्या नोंदी मागवतं. त्यातली एखादी नोंद अर्धवट निघाली आणि अशा नोंदीचं काय करायचं हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नसलं, की तो तिथेच बंद पडतो. म्हणजे मिटते ती सेटिंग्जची खिडकी, पण दोष कित्येकदा दुसरीकडचा असतो.

आणि नोंद अर्धवट राहायचं मोठं कारण आपल्याकडे रोजचंच आहे. पहिल्या पावसात वीज जाते, यूपीएसची बॅटरी थकलेली असते आणि संगणक फाइल लिहीत असतानाच बंद पडतो. डिस्क काठोकाठ भरली असली तरी असंच घडू शकतं.

एका चुकीच्या फाइलने काय होतं, हे जगाने 19 जुलै 2024 रोजी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी एक छोटी फाइल पाठवली. तिच्या नव्या नमुन्यात 21 रकाने धरले होते, प्रोग्रॅम मात्र 20 रकान्यांचीच माहिती पुरवत होता. एकविसावा वाचायला जाताच विंडोज कोसळलं. कंपनीने 78 मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर सुमारे 85 लाख संगणक अडकले होते आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकण्याचा. फाइल कोणती हे कळलं होतं, म्हणून तो शक्य झाला.

आपल्या टेबलावरही तेच करायचं आहे. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. त्यात 'विंडोज लॉग्ज', मग 'ॲप्लिकेशन' उघडा आणि खिडकी मिटली त्याच मिनिटाची लाल खुणेची नोंद पाहा. तिथे 'फॉल्टिंग ॲप्लिकेशन' आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल' अशी दोन नावं सापडतात. पहिलं नाव कोण पडलं ते सांगतं, दुसरं पाय कुठे अडकला त्याचा माग देतं. दुसरं नाव प्रिंटरच्या किंवा अंगठ्याच्या यंत्राच्या फाइलचं असेल, तर आधी तो ड्रायव्हर काढून नव्याने घाला.

नाव विंडोजचंच निघालं, तर नवं वापरकर्ता खातं उघडून पाहावं. माझ्या मते यापेक्षा नेमकी चाचणी नाही. सेटिंग्ज बंद असताना खातं कसं काढायचं? कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'नेट यूजर', नवं नाव, पासवर्ड व शेवटी '/ॲड' अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. नव्या खात्यात सेटिंग्ज नीट उघडली, तर बिघाड जुन्या खात्याच्या नोंदींत आहे. कागद इकडे आणा आणि काम सुरू करा.

तिथेही खिडकी मिटली, तर विंडोजच्या फायलींवर संशय जातो. त्यासाठी आधी 'डिझम'ची दुरुस्ती चालवतात. ती लागणाऱ्या फायली सहसा इंटरनेटवरून आणते, म्हणून नेट सुरू हवं. मग 'एसएफसी /स्कॅननाऊ'. एवढ्याने भागलं नाही, तर 'एमएसकॉन्फिग'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून उरलेल्यांतल्या निम्म्या बंद करायच्या आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. बिघाड गेला, तर दोषी त्या निम्म्यांत. 16 सेवांमधली एक दोषी असेल, तर चार फेऱ्यांत सापडते. लिनक्स असेल तर तेच अवजार टर्मिनलमधून सुरू करा, बंद पडताना ते बहुधा कारण छापून जातं.

फॉरमॅटची वेळ कधीच येत नाही, असं मी म्हणणार नाही. डिस्कच खराब झाली असेल तर ती बदलावीच लागते, आणि तेव्हा वेगळ्या ड्राइव्हवर ठेवलेली कागदांची प्रतच कामाला येते. केंद्रचालकांना माझी एवढीच विनंती आहे, पुढच्या वेळी दुरुस्तीवाल्याला 'चालत नाही' असं सांगू नका. त्या लाल नोंदीचा मोबाइलवर फोटो काढा, 'फॉल्टिंग मॉड्यूल'पुढचं नाव वाचून दाखवा आणि त्या नावाचं काय करायचं, ते विचारा.