गाठ थांबली, पण ऐकू येईल का?

फोन एका कानाला लावला की समोरच्याचं बोलणं पुसट, दुसऱ्या कानाला लावला की स्वच्छ. सोबत कानात सतत गुणगुण, मधूनच तोल गेल्यासारखं वाटणं. वयाचा दोष म्हणून हे सगळं अंगावर काढलं जातं आणि मग कधीतरी एमआरआयमध्ये कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची गाठ दिसते. व्हेस्टिब्युलर श्वानोमा. ती कर्करोगाची नसते, पण तिची जागा वाईट असते. चेहरा हलवणारी नस तिला अगदी खेटून जाते.

अशा गाठीवर कवटी न उघडता, बाहेरून नेमक्या किरणांनी इलाज करायचा ही कल्पना स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. साठीच्या दशकाअखेर स्टॉकहोममध्ये त्यांचं पहिलं गॅमा नाइफ यंत्र उभं राहिलं. आजच्या यंत्रात कोबाल्ट-६०चे सुमारे १९२ स्रोत असतात. एकटा किरण मेंदूतून जाताना फारसं बिघडवत नाही. सगळे जिथे एकवटतात तिथेच मारा होतो. आपल्याकडे हे यंत्र १९९७ मध्ये आलं, मुंबईत हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीत एम्समध्ये.

या उपचाराने गाठ नाहीशी होत नाही, आणि रुग्णाला हेच पचायला जड जातं. किरणांनी पेशींच्या डीएनएची मोडतोड होते, पेशींना पुढे वाढता येत नाही, गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडतात. त्याला महिने, वर्षं लागतात. उलट पहिल्या वर्षा-दोन वर्षांत गाठ फुगलेलीच दिसू शकते. त्या अहवालाने घाबरून घाईने शस्त्रक्रियेकडे वळणं बहुतेक वेळा चूक ठरतं.

मग दहा वर्षांनी काय? अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी १९८७ ते १९९२ दरम्यान उपचार केलेल्या १६२ रुग्णांचा हिशेब १९९८ मध्ये मांडला. ९८ टक्के रुग्णांना गाठ कापून काढावी लागली नाही. ६२ टक्क्यांची गाठ लहान झाली, ३३ टक्क्यांची होती तेवढीच राहिली. मात्र पाच वर्षांनी चेहऱ्याची हालचाल पूर्ण शाबूत होती ती ७९ टक्क्यांचीच. तेव्हा किरणांची मात्रा सरासरी १६ ग्रे (हे किरणमात्रेचं एकक) होती. पुढे ती १२-१३ ग्रेवर उतरली. गाठीवरचा ताबा तसाच राहिला आणि चेहरा वाकडा होण्याचं प्रमाण फार कमी झालं.

कानाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते ती रुग्णाला पुरेशी स्पष्ट सांगितली जात नाही. मेयो क्लिनिकच्या एका छोट्या अभ्यासात उपचारानंतर वर्षभराने सुमारे ८० टक्क्यांचं ऐकणं कामापुरतं टिकलं होतं. पाच वर्षांनी ते निम्म्यावर आलं, दहा वर्षांनी २३ टक्क्यांवर. किरण दिले म्हणून कान वाचला, असं समजू नये.

न दिले तर? नॉर्वेत बर्गनला १०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली: निम्म्यांना लगेच किरण, उरलेल्यांवर नुसती नजर. चार वर्षांनी पहिल्या गटातल्या गाठी थोड्या आक्रसल्या, दुसऱ्या गटातल्या सरासरी दीडपट झाल्या. वाट पाहणाऱ्यांपैकी चाळीसेक टक्क्यांना पुढे किरण घ्यावेच लागले. पण ऐकणं, चक्कर, रोजचं जगणं यांत दोन्ही गटांत जवळपास फरक नव्हता. हा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

किरणांनीच पुढे कर्करोग होईल ही भीती सगळ्यांना असते. २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत अनेक देशांतले ४,९०५ रुग्ण किमान पाच वर्षं तपासले गेले. तो धोका सर्वसामान्य लोकांतल्या मेंदूच्या गाठींच्या प्रमाणाएवढाच निघाला.

तेव्हा लहान गाठ निघाली तर आधी डॉक्टरांना विचारा, ती वाढते आहे का. आणि पहिल्या एमआरआयची सीडी जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना तिच्याशीच होणार आहे.